उभ्या मशीनचं भाडं

प्रतीक्षा ही माणसाची सर्वांत जुनी तपश्चर्या आहे. ऋषींनी देवाची प्रतीक्षा केली, विरहिणींनी प्रियकराची केली, चातक पावसाची करतो. यांच्यापैकी कोणी नंतर बिल पाठवल्याची नोंद मात्र कुठे सापडत नाही. मी पाठवत असे.

भाईंदर पूर्वेला मनसुखभाई नावाच्या गृहस्थांचा बांधकामाची यंत्रं भाड्याने देण्याचा धंदा होता आणि मी त्यांचा व्यवस्थापक होतो. 'व्यवस्थापक' हा शब्द मुलीच्या लग्नपत्रिकेपुरता. एरवी मला सगळे 'मशीनवाले दळवी' म्हणत. यार्डात दोन पोकलेन, एक रोलर, एक क्रेन, बरेचसे पाण्याचे पंप आणि हे सगळं वाहून नेणारा एक ट्रेलर. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली. तिच्यात एक पंखा होता, त्याची हवा फक्त शेठच्या खुर्चीवर येत असे. शेठ क्वचित येत. पंखा मात्र माझ्या नोकरीत एकदाच वळवला गेला.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मीरा-भाईंदरमध्ये तेव्हा जमीन एक तर खणली जात होती, नाहीतर भरली जात होती. मधल्या अवस्थेतली जमीन मला आठवत नाही. खाजणात, मिठागरांच्या कडेला भराव टाकायला आमचीच मशीनं जात. दोन-तीन वर्षांनी त्याच भरावावरच्या इमारतींत पाणी शिरलं की उपसायला पंपही आमचेच. दोन्ही वेळा भाडं मिळायचं आणि त्याचा मला त्या वेळी आनंद होई. हल्ली पावसाळ्यात तो थोडा कमी होतो.

धंद्याबाहेरच्या माणसाला या भाड्याचं गणित समजावून सांगणं हेच माझं मुख्य काम होतं. फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला: "तासाचा काय घेता?" लग्नाच्या हॉलवाल्याला नुसता ताटाचा भाव विचारावा, तसा हा प्रश्न आहे. ताटाचा भाव खराच असतो. पण लग्न तेवढ्यात होत नाही.

पोकलेन म्हणजे साखळीच्या पट्ट्यांवर सरकणारं, लांब हाताचं, खणणारं यंत्र. ते रस्त्यावरून चालवत नेलं तर मागे रस्ता उरत नाही, म्हणून ट्रेलरवर चढवून न्यायचं. ट्रेलर भरून जाणार, रिकामा येणार, संध्याकाळी रिकामा जाणार, भरून येणार. या चारही फेऱ्या गिऱ्हाइकाच्या. शिवाय डिझेल कोणाचं, ऑपरेटरचा भत्ता कोणी द्यायचा, माती कुठे टाकायची, मशीन चिखलात रुतलं तर ते काढायला येणाऱ्या दुसऱ्या मशीनचं भाडं कोणी सोसायचं. हे सगळं ऐकून झालं की पलीकडचा माणूस जरा थांबून पुन्हा विचारायचा, "हो, पण तासाचा काय घेता?"

केबिन रोडवरचे एक साडीवाले आले होते. दुकानापुढचा सिमेंटचा ओटा तोडायचा होता, त्यासाठी त्यांना मशीन फक्त अर्धा तास हवं होतं. कारण समोरच्या दुकानदाराने मागच्या महिन्यात क्रेन आणून पाटी चढवली होती आणि सगळा रस्ता बघायला थांबला होता. मी त्यांना चार फेऱ्यांचा हिशेब सांगितला. मग म्हटलं, दोन माणसं आणि दोन घण आणा, जेवणाच्या आत ओटा निघेल. ते नाराज झाले. "काम तो हो जाएगा, लेकिन देखेगा कौन?" म्हणाले. शेवटी घणच आणले. त्या दिवाळीत माझ्या बायकोला साडीवर चांगली सूट मिळाली, म्हणजे शेठचं जे नुकसान झालं ते अगदीच वाया गेलं नाही.

उलट तारोडीहून एक होडीवाले आले होते, किनाऱ्यावरचे धोंडे बाजूला करून होडी ओढायला वाट हवी होती म्हणून. त्यांनी बसल्या बसल्या विचारलं, "मशीन उगाच बसून हाय, तवा पन पैसं लागतीन का न्हाय?" हा प्रश्न काम झाल्यावर सगळेच विचारतात, भांडताना. कामाआधी विचारणारे ते पहिले. मी 'लागतील' म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "म्हंजे होरीच हाय तुजी. किनाऱ्याला लागली तरी खातेच." मला पुढे काही समजवावं लागलं नाही. चहा घेऊन ते गेले.

हे बसून खाणं म्हणजेच प्रतीक्षा. आमच्या धंद्यात तिला 'आयडल' म्हणतात. उभ्या मशीनला डिझेल लागत नाही, पण ऑपरेटरचा पगार चालू असतो, बँकेचा हप्ता चालू असतो. आणि मुख्य खर्च डोळ्यांना दिसतच नाही: मशीन इथे उभं आहे, म्हणजे ज्या दुसऱ्या ठिकाणी त्याने कमावलं असतं तिथे ते नाही. मनसुखभाई एवढंच म्हणत, "ऊभुं मशीन एटले ऊभो खर्च." हे त्यांनी ऑफिसात लिहून लावलं नव्हतं. त्या जागी लक्ष्मीचं कॅलेंडर होतं.

आता शिर्केबाईंची गोष्ट. माझ्या सगळ्या नोकरीत प्रतीक्षेचं एकच बिल मी परत घेतलं. ते त्यांचं.

खारी गावाला चारी बाजूंनी इमारतींनी वेढलंय. त्यातल्या एका चार मजली इमारतीच्या सोसायटीच्या शिर्केबाई सेक्रेटरी होत्या. मूळच्या रायगडातल्या, माणगावकडच्या. राहायला चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. पालिकेचं पाणी तेव्हा एक दिवसाआड यायचं, तेही इतक्या कमी जोराने की रस्त्याच्या पातळीखाली जे भांडं असेल त्यातच उतरायचं. म्हणून इमारतीला जमिनीखालची टाकी लागते. यांच्या जुन्या टाकीला तडे गेले होते. इमारतीमागे खाडीला मिळणारा नाला, भरतीला त्याचं खारं पाणी टाकीत झिरपायचं. "चहात साखर घालून घालून थकलो," शिर्केबाई म्हणाल्या. "पाहुणे आता येतानाच खाऊन-पिऊन येतात."

नवी टाकी बांधायची होती, पावसाच्या आत. मिस्त्री ठरला होता. वर्गणी शिर्केबाईंनी दारोदार फिरून गोळा केली होती. त्या कित्येक वर्षं इमारतीतल्या बायकांची भिशी चालवत होत्या, त्यामुळे त्यांना नाही म्हणणं लोकांना जमलं नसावं. जमलेल्या पैशांत खड्डा, तळ, भिंती आणि वरचं झाकण बसत होतं. काही वाया गेलं तर बसत नव्हतं. आणि झाकण नसलेली टाकी पावसाळ्यात म्हणजे डासांची सोसायटी.

समोर बसल्यावर त्यांनीही विचारलंच, "तासाचा काय घेता?"

मी आकडा सांगितला.

"आणि बाकीचं काय घेता?"

मी पंखा त्यांच्याकडे वळवला.

त्यांना मी सगळं सांगितलं, भाड्याचंही आणि पाण्याचंही. नाला भरती-ओहोटीचा असल्यामुळे खड्डा ओहोटीतच खणायला हवा आणि भरतीचं पाणी झिरपायच्या आत तळाला काँक्रीट पडायला हवं. नाहीतर खणलेलं पुन्हा चिखलाने भरेल आणि मशीनचा अख्खा दिवस दुसऱ्यांदा विकत घ्यावा लागेल. तेवढे पैसे नव्हते. आमच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी भरती असते, अष्टमीला त्या वेळी ओहोटी. म्हणून मी अष्टमी सुचवली. मधल्या वेळेत आरामात काम होईल, भावही रोजचा. त्या समाधानाने गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचे चेअरमन आले, तावडे. रत्नागिरीकडचे, एका औषध कंपनीतून निवृत्त झालेले, आवाज भरदार. गावी शिमग्यात ते वर्षानुवर्षं राजाची भूमिका करत आणि मुंबईला परत येताना ती पूर्णपणे उतरवत नसत. त्यांनी सांगितलं की भूमिपूजन अक्षय्य तृतीयेला सकाळी नऊ वाजता आबासाहेबांच्या हस्ते होईल. आबासाहेब म्हणजे आमच्याकडचे पुढारी. कोणत्या पक्षाचे ते सांगत नाही, कारण तेव्हाचा सांगितला तर आताचा चुकेल.

मी अडचणी मांडल्या. अक्षय्य तृतीया साडेतीन मुहूर्तांतली. त्या दिवशी सोन्याचा आणि पोकलेनचा भाव बरोबरच चढतो. सगळ्या बिल्डरांना त्याच दिवशी जमिनीला हात लावायचा असतो, त्यामुळे आमच्या दोन पोकलेनपैकी एकच, तेही फक्त सकाळपुरतं, मोकळं होतं. दुपारी ते नवघरच्या एका बिल्डरकडे जायचं होतं. शिवाय त्या दिवशी ओहोटी सकाळी आठच्या सुमाराची आणि भरती दुपारी दोनची. म्हणजे नऊला सुरू झालं तर काम होईल, पण जेमतेम. मी म्हटलं, "पूजा त्या दिवशी कुदळीने करा. मशीन नंतर अष्टमीला आणा. स्वस्त पडेल."

"कुदळीने आमच्या आजोबांनी केलं होतं," तावडे म्हणाले. "विहिरीचं."

"टिकली का विहीर?"

"अजून आहे."

"मग?"

"त्याचा फोटो नाही."

 सोसायटीच्या सभेत तावडे जिंकले. संगमरवरी पाटीही सांगून झाली होती: अमुक तिथीला, सकाळी नऊ वाजता, आबासाहेबांच्या शुभहस्ते, वगैरे. शिर्केबाईंनी सभेत एकच मागितलं, की नऊ म्हणजे नऊ. तावडे म्हणाले, दगडावर कोरलंय.

त्या दिवशी सकाळी आठच्या आधी ट्रेलर गल्लीत शिरला. आमचा ऑपरेटर साळवे, जालन्याकडचा, अंगाने बारीक आणि बोलायला त्याहून बारीक. कॅबिनमध्ये बुद्धाचं छोटं चित्र, त्याच्या खाली तंबाखूची डबी. इमारतीतल्या बायकांनी मशीनच्या खणायच्या दातेरी बकेटला झेंडूचा हार घातला, हळद-कुंकू लावलं. एकीने साळवेच्या हातात नारळ दिला, तर तो म्हणाला, "मी फोडत न्हाई ताई. फोडलेला खातो." नारळ चौरंगावर परत गेला. मागच्या नाल्यात पाणी पार तळाला होतं. पाटी भिंतीला टेकवून तिच्यावर फडकं टाकलं होतं. शेजारी मिस्त्री, वाळू, खडी, सिमेंट तयार.

नऊ वाजले. आबासाहेब आले नाहीत. तावड्यांनी फोन केला, त्यांच्या माणसाने 'निघालेत' असं सांगितलं. या शब्दाचा अर्थ आंघोळीला निघण्यापासून व्यासपीठावर पोचण्यापर्यंत कुठेही असू शकतो. त्या दिवशी आबासाहेबांना बरीच भूमिपूजनं होती आणि आमचं सगळ्यांत लहान होतं. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. पुन्हा निघालेत. लोक खुर्च्यांवरून उठून सावलीत गेले. साळवे कॅबिनमध्ये पाय वर घेऊन बसला. मशीन हार घालून उभं, नवरदेवासारखं, आणि वरात दुसऱ्याच गावाला गेलेली.

शिर्केबाई तेवढ्यात दोनदा नाल्यावर जाऊन आल्या. तिथे एका धोंड्यावर त्यांची नजर होती. तिसऱ्यांदा आल्या त्या सरळ माझ्याकडे.

"अहो दळवी, हे उभं राहून किती खातं?"

"चालताना खातं त्याहून थोडंच कमी."

"तो धोंडा ओला झालाय," त्या म्हणाल्या. मग कॅबिनकडे वळल्या. "साळवे, तुम्हाला मुहूर्त लागतो का हो?"

साळवेने पाय खाली घेतले. "न्हाई बाई. चावी लागते."

तावडे धावत आले. पूजेआधी खड्डा म्हणजे अपशकुन, आबासाहेबांचा अपमान, लोक काय म्हणतील, असं सगळं एका दमात म्हणाले. शिर्केबाईंनी आवाज चढवला नाही.

"लोक चौथ्या मजल्यावर बादल्या नेतात, तावडेभाऊ. ते काय म्हणतात ते मी रोज जिन्यात ऐकते."

 मला तावड्यांची थोडी दयाच आली. त्यांनी गावच्या भावकीला फोटो पाठवायचं कबूल केलं होतं. ते एकदा मशीनकडे, एकदा नाल्याकडे, एकदा चौरंगाकडे बघत राहिले. आणि मग त्या माणसातला नाटकवाला जागा झाला.

"पडदा टाकू," ते म्हणाले.

मंडपवाल्याकडून रंगीत कनात आली आणि जागेचे दोन भाग झाले. अलीकडे रांगोळी, चौरंग, खुर्च्या, पाटी आणि न खणलेला एक कोपरा, आबासाहेबांसाठी राखून ठेवलेला. पलीकडे, नाल्याच्या बाजूला, साळवे. हार काढून गेटला अडकवला. दोन पोरींना रस्त्याच्या तोंडाशी उभं केलं, गाडी दिसली की सांगायला. त्या धावत आल्या की इंजिन बंद करायचं ठरलं. हे सगळं तावड्यांनी एवढ्या सफाईने लावलं की मला त्यांच्याविषयी प्रथमच आदर वाटला. सोसायटीच्या चेअरमनपेक्षा ते रंगमंच व्यवस्थापक म्हणून फार वरच्या दर्जाचे होते.

साळवे खणू लागला. वर भरावाचा राडारोडा, मग काळा, कुजका वास येणारा चिखल, त्यात शिंपल्या. हा चिखल कधीकाळी खाडीचाच होता आणि ते लपवायचा त्याने प्रयत्न केलेला नव्हता. इमारतीची माणसं खुर्च्या सोडून कनातीच्या फटीतून बघायला जमली. एकजण म्हणाला, नाटकापेक्षा आतलंच बरंय. शिर्केबाई खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. कोणी खुर्ची दिली तर तिच्यावर त्यांनी पर्स ठेवली. पाणी एका कोपऱ्यातून झिरपायला लागलं, तसा तिथे पंप सोडला. ठरलेली खोली लागली आणि मिस्त्रीची माणसं घमेली घेऊन उतरली. जेवणाची वेळ टळायच्या आत तळ पडला होता.

साळवेने मशीन फिरवून पुढच्या बाजूला, रांगोळीजवळ आणून लावलं. बकेट चिखलाने काळी झालेली. धुवायला इमारतीत गोडं पाणी नव्हतं, म्हणून नाल्याचं आणलं. हार पुन्हा चढवला, कुंकू पुन्हा लावलं.

आमचं काम संपलं होतं. नवघरच्या बिल्डरचे फोन सुरू झाले होते. मी मनसुखभाईंना फोन करून विचारलं, मशीन हलवू का? ते म्हणाले, "आबासाहेब आवे पछी." आबासाहेब आल्यावरच. आणि ते स्वतःही निघाले होते. शेठच्या तोंडी तो शब्द ऐकून मला काळजी वाटली, पण ते खरोखरच आले, नवा सफारी घालून. नवघरवाल्याने शेवटी दुसरीकडून मशीन आणलं आणि मला फोनवर काही शब्द ऐकवले. ते त्याने हिंदीत ऐकवले आणि तिथेच ठेवलेले बरे.

आबासाहेब दोननंतर आले. गाड्या, माणसं, एक फोटोवाला. भरती पूर्ण चढली होती. त्यांनी राखलेल्या कोपऱ्यावर तीनदा कुदळ मारली, पाटीवरचं फडकं बाजूला केलं आणि बोलायला उभे राहिले. कनातीमागे पंप धडधडत होता, तो बंद करणं शक्य नव्हतं. आबासाहेब आवाज चढवून म्हणाले की पाण्याचा प्रश्न एका दिवसात सुटत नसतो, त्याला वर्षानुवर्षांचा पाठपुरावा लागतो. मागून मिस्त्रीचा आवाज आला, "ए, थापी दे रे इकडं." आबासाहेब क्षणभर थांबले आणि पुन्हा पाठपुराव्यावर आले.

भाषणानंतर फोटोसाठी साळवेने मशीन सुरू केलं. बकेट उचलून जरा बाजूला घ्यायची होती. तिचा दात कनातीच्या दोरीत अडकला. दोरी तुटली आणि आख्खी कनात सावकाश खाली बसली.

मागे पूर्ण खणलेला खड्डा. खाली ओला गुळगुळीत तळ, कोपऱ्यात पंप, आणि हातात थापी घेऊन आमच्याकडे बघणारा मिस्त्री.

 तावड्यांचा चेहरा, राजाचा मुकुट भर दरबारात घरंगळावा तसा. शिर्केबाई जागच्या हलल्या नाहीत. आबासाहेबांनी खड्ड्याकडे पाहिलं, हातातल्या कुदळीकडे पाहिलं, आणि मग लोकांकडे वळून म्हणाले, "बघा. आपल्याकडे काम माझी वाट बघत थांबत नाही. यालाच मी विकास म्हणतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात तावड्यांच्या. मोठ्या माणसांबद्दल मी आयुष्यभर संशय बाळगत आलोय आणि तो अजून आहे, पण तो तसाच जपून ठेवून सांगतो, त्या वाक्याला मीही टाळी वाजवली.

फोटो चांगला आला. आबासाहेब, शेजारी मनसुखभाई, मागे हार घातलेलं मशीन. तो मोठा करून आमच्या ऑफिसात लावला गेला, लक्ष्मीच्या बरोबरीने.

मग मी बिल केलं. ट्रेलर, खणण्याचे तास, साळवेचा भत्ता, पंप. आणि प्रतीक्षा: सकाळची, दुपारची, शिवाय नवघरचं गेलेलं काम. ही शेवटची ओळ सगळ्यांत मोठी होती. आबासाहेबांच्या तीन कुदळींसाठी जेवढा खर्च आला, त्यात साळवेने असा आणखी एक खड्डा खणला असता. बिल घेऊन मी चार मजले चढलो. शिर्केबाईंनी खारट चहा दिला, बिल वाचलं, चष्मा काढला.

"आधीचं सगळं मान्य आहे," त्या म्हणाल्या. "ही प्रतीक्षा कसली?"

मी म्हटलं, मशीन थांबलं होतं.

त्या मला परत चार मजले खाली घेऊन गेल्या आणि पाटीसमोर उभं केलं. "वाचा."

मी वाचलं. आबासाहेबांच्या शुभहस्ते, सकाळी नऊ वाजता.

"तुमचं मशीन आठला आलं. आबासाहेब नऊला आले. पूजा झाली, खणलं. मग थांबलं कोण?"

"बाई, ते कधी आले ते तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे. दगडाला माहीत नाही."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला. "असं करते. आबासाहेबांना सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र लिहिते, की मशीनवाल्यांचं म्हणणं आहे तुम्ही उशिरा आलात, तर नक्की किती वाजता आलात ते कळवावं. खाली तुमच्या शेठचं नाव घालते." मग जरा थांबून, वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "त्या ओळीत माझं झाकण आहे हो, दळवी. तेवढेच पैसे उरलेत."

धंद्याच्या नियमाप्रमाणे त्या चूक होत्या. मशीन थांबलं होतं, आणि थांबवलं होतं त्यांच्याच चेअरमनच्या पाहुण्याने. पण दुपारी ते थांबवलं होतं आमच्याच शेठने, सफारी घालून. आणि नऊ वाजता कोणी आलं नाही हे सिद्ध करायचं तर दगडाविरुद्ध साक्ष द्यावी लागली असती. मी बिल खिशात घातलं.

ऑफिसात येऊन शेठना पत्राची गोष्ट सांगितली. त्यांनी बिल पाहिलं, मग भिंतीवरचा फोटो पाहिला, बराच वेळ. पंख्याची हवा त्यांच्यावरच होती तरी त्यांनी घाम पुसला.

"दलवी, अखात्रीजना दिवसे लोक शुं करे?"

अखात्रीज म्हणजे अक्षय्य तृतीया. मी म्हटलं, "सोनं घेतात. दान करतात."

"तो दान लखो."

मी लिहिलं. शिर्केबाईंच्या टाकीला पावसाच्या आत झाकण बसलं. श्रावणात त्यांनी मला आणि साळवेला चहाला बोलावलं. आम्ही चार मजले चढलो. तावडेही आले, फोटोचा अल्बम घेऊन. चहा गोड होता, जरा जास्तच. बाईंच्या हाताची जुन्या साखरेची सवय गेली नव्हती. साळवे म्हणाला, "बाई, आता एक चमचा कमी चालंल." त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी दुसरा कप बिनसाखरेचा आणला आणि त्याने तो निमूट प्यायला.

त्यानंतर मी आमच्या छापील दरपत्रकावरची पहिलीच ओळ बदलून घेतली: थांबण्याचा तास कामाच्या तासाप्रमाणे, पाहुणे कोणीही असोत. ती ओळ वाचून काही गिऱ्हाइकांनी पाहुणे बदलले. एकाने मशीनवाला बदलला.

वर्षअखेरीला आमच्या हिशेबतपासनिसांनी दानाच्या ओळीवर बोट ठेवलं. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, पाटीसकट. ते मनापासून हसले. अक्षय्य तृतीयेला केलेल्या दानाचा कधीही क्षय होत नाही, असं शास्त्र सांगतं. आयकरात ते धरलं गेलं नाही. पावती नव्हती.